लिनक्सवरची डिस्क-साधनं फ्रीबीएसडीवर नेताना

२०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी ट्रॅप कॅमेरे लावले गेले आणि त्यांनी ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ छायाचित्रं टिपली. त्यांत वाघाची छायाचित्रं ७६,६५१. ताडोबा-अंधारीच्या जंगलातही हीच पद्धत वापरतात. दोन चौरस किलोमीटरचा एक चौकोन आखायचा, त्यात वाघाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर समोरासमोर दोन कॅमेरे बांधायचे, म्हणजे दोन्ही कुशींवरचे पट्टे एकाच वेळी मिळतात. कॅमेऱ्यातलं कार्ड वनरक्षक काढून आणतो, चित्रं संगणकावर उतरतात, पट्ट्यांवरून वाघ ओळखला जातो. इथपर्यंतची गोष्ट वर्तमानपत्रांत अनेकदा येते. त्यापुढची फारशी कुणी लिहीत नाही: ती कोट्यवधी चित्रं शेवटी कुठल्या तरी हार्ड डिस्कवर वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि डिस्क मरते. मागच्या वर्षी मोहर्लीच्या वाटेवरून गेलेल्या वाघिणीचं चित्र पुन्हा काढता येत नाही.

डिस्क मरायला टेकली आहे हे तिला विचारलं तर ती बऱ्याचदा सांगते. पण फाइली कॉपी करताना आपण तिला काहीच विचारत नसतो. आपण फाइल सिस्टमशी बोलतो, फाइल सिस्टम कर्नलशी, कर्नल ड्रायव्हरशी, आणि डिस्कची स्वतःची बोली या सगळ्याच्या तळाशी राहते. तिथपर्यंत थेट जाणारी काही छोटी साधनं आहेत. टर्मिनलवर नाव टाइप करायचं, डिस्कचं नाव द्यायचं, उत्तर वाचायचं. एसजी-थ्री युटिल्स, स्मार्टमॉनटूल्स, एचडीपार्म ही त्यांतली नावाजलेली. तिन्हींचा जन्म लिनक्सवरचा. पण छायाचित्रांचा मोठा साठा ठेवायचा म्हटलं की अनेक जण झेडएफएस ही फाइल सिस्टम निवडतात, कारण ती प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीज जपून ठेवते. आणि झेडएफएस २००८ पासून फ्रीबीएसडी या दुसऱ्या युनिक्समध्ये मुरलेली आहे. समजा, कार्यालयातल्या साठवण-पेटीवर फ्रीबीएसडी आहे आणि आपल्या हाताला सवय लिनक्सच्या साधनांची आहे. मग ती साधनं इकडून तिकडे न्यायची, म्हणजे पोर्ट करायची, कशी? चंद्रपूर-गडचिरोलीत संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना सी भाषा थोडीफार येत असेल, तर हे काम त्यांच्या आवाक्यातलं आहे.

आधी डिस्कची बोली समजून घेऊ. स्कझी नावाचं एक प्रमाणित कमांडशास्त्र आहे. जुन्या स्कझी केबली बाजारातून गेल्या, पण ती भाषा राहिली. आज यूएसबीला लावलेली हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, सर्व्हरमधली एसएएस डिस्क, सगळ्यांशी तिच्यातच बोललं जातं. प्रत्येक कमांड म्हणजे ६, १०, १२ किंवा १६ बाइटांची एक ओळ. पहिला बाइट म्हणजे कमांडचा क्रमांक. हेक्स पद्धतीत १२ म्हणजे 'इन्क्वायरी', 'तू कोण?' असा प्रश्न. पूर्ण ओळ अशी: १२, ००, ००, ००, २४, ००. यातलं २४ म्हणजे दशमान पद्धतीत ३६, 'मला ३६ बाइटांचं उत्तर दे' एवढाच त्याचा अर्थ. उत्तराच्या पहिल्या बाइटच्या खालच्या पाच बिटांत उपकरणाचा प्रकार येतो: शून्य म्हणजे डिस्क, १ म्हणजे टेप, ५ म्हणजे सीडी-डीव्हीडी. आठव्या बाइटपासून आठ अक्षरं कंपनीचं नाव, सोळाव्यापासून सोळा अक्षरं मॉडेलचं नाव, बत्तिसाव्यापासून चार अक्षरं आवृत्ती. मोजणी शून्यापासून.

कमांड गेली की डिस्क एक स्थिती-बाइट परत करते. शून्य आला तर काम झालं. २ आला तर 'तपासून बघ', आणि मग सोबत 'सेन्स' नावाची माहिती येते, जिच्यात कारण लिहिलेलं असतं. सेन्समधली किल्ली २ असेल तर डिस्क अजून तयार नाही, ३ असेल तर माध्यमच खराब, ५ असेल तर ही कमांड मला कळत नाही, ६ असेल तर 'मधल्या काळात माझ्यात काही बदल झाला, लक्ष द्या'. नुकत्याच लावलेल्या डिस्कला पहिली कमांड दिली की पुष्कळदा सहाच येतो. तो बिघाड नव्हे. दुसऱ्यांदा विचारलं की डिस्क नीट उत्तर देते. पोर्ट करणारा नवखा माणूस इथे घाबरतो आणि आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतो, म्हणून हे आधीच सांगून ठेवलं.

पोर्टिंगच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की या बाइटांमध्ये लिनक्स किंवा फ्रीबीएसडी कुठेच नाही. डिस्कला आपल्या वर कोणती प्रणाली चालते आहे याचा पत्ता नसतो. इन्क्वायरीची ओळ सगळीकडे तीच, उत्तरही तेच. बदलतं ते फक्त ही ओळ कर्नलच्या हाती सोपवण्याचं रीतिरिवाजाचं काम. आलापल्लीच्या सागवानाचा ट्रक सिरोंच्याहून तेलंगणात जातो तेव्हा लाकूड तेच राहतं, नाक्यागणिक दाखवायचे कागद मात्र बदलतात. तसंच हे आहे. आणि म्हणून सगळं साधन नव्याने लिहिण्याची गरज नसते. कागद भरणारा भाग वेगळा काढता आला की अर्ध्याहून जास्त लढाई जिंकली.

लिनक्समधला हा कागद म्हणजे एसजी_आयओ नावाचं आयऑक्टल, म्हणजे उपकरणाबद्दल कर्नलला थेट विनंती करण्याचा कॉल. आपण डिस्कची फाइल उघडतो, एक ठरलेली संरचना भरतो आणि ती कर्नलला देतो. संरचनेत पहिलं 'एस' हे अक्षर ओळखीसाठी, मग कमांडचा पत्ता आणि लांबी, डेटा येणार की जाणार ती दिशा, डेटा ठेवायच्या जागेचा पत्ता, सेन्स ठेवायच्या जागेचा पत्ता आणि किती वेळ वाट पाहायची तो काळ, मिलिसेकंदांत. कॉल परत आला आणि शून्य मिळाला म्हणून हुरळून जायचं नाही. त्या शून्याचा अर्थ एवढाच की कर्नलने कागद स्वीकारला. डिस्क काय म्हणाली ते कळण्यासाठी संरचनेतले तीन वेगळे रकाने बघावे लागतात: डिस्कची स्थिती, मधल्या कंट्रोलरची स्थिती आणि ड्रायव्हरची स्थिती. लिनक्सवर लिहिलेल्या घाईच्या कोडमध्ये यातला एकच रकाना तपासलेला असतो. पोर्ट करताना असं कोड हाती आलं तर ती उणीव मुळातच दुरुस्त करावी, तशीच पलीकडे नेऊ नये.

फ्रीबीएसडीची मांडणी निराळी, आणि माझ्या मते जास्त विचारपूर्वक केलेली. तिथे सगळ्या साठवण-उपकरणांसाठी कॅम नावाची एकच चौकट आहे. १९९८ च्या फ्रीबीएसडी ३.० मध्ये ती आली. यूएसबी डिस्क तिथे डीए-शून्य, डीए-एक अशा नावांनी दिसते, साटा डिस्क एडीए-शून्य अशा. पण कमांड पाठवायची ती या नावांनी नव्हे, तर प्रत्येक डिस्कसोबत जन्मणाऱ्या 'पास' नावाच्या जोडीदार उपकरणाने. कोणत्या डिस्कचा जोडीदार कोणता, हे शोधण्यासाठी आणखी एक उपकरण आहे, एक्सपीटी-शून्य. हे सगळं लिबकॅम ही लायब्ररी आपल्यासाठी करते. आपण डीए-शून्य असं नाव द्यायचं, ती एक्सपीटीला विचारून जोडीदार शोधते आणि उघडून देते. यातून परवानगीचा एक प्रश्न उभा राहतो. सामान्य वापरकर्त्याला डिस्क उघडायची मुभा दिली, तरी एक्सपीटी आणि पास या दोन्हींची मुभा नसेल तर साधन 'उपकरण सापडत नाही' असं काहीतरी बोलून थांबतं. अशा वेळी डिस्कची केबल हलवत बसण्याआधी या दोन फाइलींच्या परवानग्या बघाव्यात.

लिबकॅम उघडलेल्या डिस्कसाठी एक पूर्ण संरचना देते. लिनक्समध्ये मात्र उघडलेल्या फाइलचा एक साधा पूर्णांक मिळतो, आणि मूळ साधनाचं सगळं कोड त्या पूर्णांकावर उभं असतं. हा तिढा एसजी-थ्री युटिल्सच्या फ्रीबीएसडी आवृत्तीत फार साधेपणाने सोडवलेला आहे: आतल्या आत एक तक्ता ठेवायचा, उघडलेली संरचना त्यात नोंदवायची, आणि वरच्या कोडला त्या नोंदीचा क्रमांक 'फाइलचा पूर्णांक' म्हणून द्यायचा. क्रमांक काही अंकांनी पुढे सरकवायचा, म्हणजे खऱ्या फाइलींच्या छोट्या क्रमांकांशी घोळ होत नाही. वरच्या कोडला हा बदल जाणवतही नाही. पोर्टिंगची कला म्हणतात ती मला इथे दिसते: खालचा फरक खालीच मिटवायचा.

कॅममधला दुसरा खड्डा जास्त खोल आहे. एखादी कमांड फसली की कॅम त्या डिस्कची कमांडची रांग गोठवून ठेवतो. हेतू चांगला आहे, चूक झालेल्या डिस्कवर पुढच्या कमांडा आंधळेपणाने आदळू नयेत. पण आपल्या साधनाने ती रांग मोकळी करायला हवी, नाहीतर पुढची प्रत्येक कमांड अडकून राहते. त्यासाठी कमांडसोबत एक झेंडा पाठवायचा असतो, ज्याचा अर्थ 'चूक झाली तरी रांग गोठवू नकोस'. फ्रीबीएसडीचं स्वतःचं कॅमकंट्रोल हे साधनही हा झेंडा लावतं. लिनक्समध्ये असं काही नसल्यामुळे तिथून आलेल्या माणसाला हे सुचतच नाही. आणि सगळं सुरळीत असेपर्यंत झेंडा नसल्याचं लक्षातही येत नाही. खराब डिस्क लावली की मगच कळतं. आपलं साधन तर खराब डिस्कसाठीच लिहायचं आहे! सेन्सच्या बाबतीतही जागा बदलते. लिनक्समध्ये सेन्ससाठी जागा आपण देतो, कॅममध्ये ती त्याच्याच संरचनेत येते, आणि सेन्स खरोखर आला आहे की नाही हे सांगणारं एक बिट वेगळं तपासावं लागतं. न तपासता वाचलं, तर आधीच्या कमांडचा जुना सेन्स नव्या चुकीचं कारण म्हणून छापला जाऊ शकतो.

बाकीच्या युनिक्सांबद्दल थोडक्यात. सोलारिसमध्ये यूस्कझीसीएमडी नावाचं आयऑक्टल आहे आणि त्यात वाट पाहण्याचा काळ सेकंदांत द्यायचा असतो. लिनक्समधला ६०,००० हा आकडा तसाच नेला तर एका मिनिटाऐवजी साधन सोळा तासांहून जास्त वाट बघत बसेल. शिवाय डिस्कने 'तपासून बघ' म्हटलं की तिथलं आयऑक्टल सरळ अपयश कळवतं, पण सेन्स मात्र भरलेला असतो. अपयश बघून लगेच बाहेर पडणारं कोड ती मौल्यवान माहिती टाकून देतं. ओपनबीएसडी आणि नेटबीएसडीमध्ये एस्सीआयओसीकमांड हे आयऑक्टल. ते 'बरं झालं', 'वेळ संपली', 'उपकरण गुंतलेलं', 'सेन्स आला' अशा नेमक्या शब्दांत निकाल देतं. ॲपलच्या मॅकवर सामान्य डिस्कला अशी थेट कमांड देण्याचं दार कर्नलने जवळपास बंदच ठेवलं आहे. तिथे स्मार्टमॉनटूल्स ॲपलने दिलेल्या वेगळ्या खिडकीतून डिस्कच्या तब्येतीची माहिती घेतं, आणि यूएसबी डिस्कसाठी तेही पुरत नाही. काही ठिकाणी पोर्ट अपुरंच राहणार हे मान्य करावं लागतं.

आता मांडणीकडे येऊ. डग्लस गिल्बर्ट यांनी एसजी-थ्री युटिल्स लिनक्सच्या एसजी ड्रायव्हरच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी लिहिली, नावातला तीन तिथूनच आला. पुढे त्यांनी कमांड पाठवण्याचा भाग एका पातळ थरात वेगळा काढला. त्या थराची कामं मोजकीच: डिस्क उघडणं, कमांडसाठी एक रिकामी वस्तू तयार करणं, तिच्यात कमांडचे बाइट भरणं, सेन्सची जागा सांगणं, डेटाची जागा सांगणं, कमांड पाठवणं, निकालाचा वर्ग विचारणं, वस्तू मोडणं. प्रत्येक युनिक्ससाठी या थराची एकेक फाइल. इन्क्वायरी करणारं, क्षमता विचारणारं, लॉग वाचणारं असं प्रत्येक साधन फक्त या थराशी बोलतं. थराने वेळेचं एकक सेकंद ठरवलं आहे. लिनक्सची फाइल त्याला हजाराने गुणते, सोलारिसची तसंच पुढे देते. सोळा तासांची ती चूक एका जागी, एकदाच टाळली जाते.

स्मार्टमॉनटूल्सचीही मांडणी अशीच, लिनक्स, फ्रीबीएसडी, सोलारिस अशी प्रत्येकाची वेगळी फाइल. त्याचा इतिहास मला फार आवडतो. गुरुत्वीय लहरींवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ ब्रूस ॲलन यांनी २००२ मध्ये ते सुरू केलं, मायकेल कॉर्नवेल यांच्या जुन्या स्मार्टसूटच्या पायावर. लहरींच्या डेटासाठी शेकडो साध्या संगणकांचा ताफा सांभाळायचा तर डिस्क केव्हा दगा देणार हे आधी कळायला हवं, अशी त्यामागची गरज. त्याच गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, लायगो-इंडिया, आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. मोठ्या विज्ञानाच्या मुळाशी अशी छोटी, कुणाच्या नजरेत न भरणारी साधनं असतात, आणि ती कुणीतरी बसून लिहावी लागतात.

प्रत्यक्ष काम कोणत्या क्रमाने करावं? पहिल्यांदा फक्त कंपाइल होऊ द्यावं. इथे अडचणी किरकोळ पण पुष्कळ येतात. लिनक्सच्या कर्नलच्या हेडर फाइली फ्रीबीएसडीवर नसतात. बाइटांचा क्रम बदलणारी फंक्शनं दुसऱ्या नावाच्या हेडरमध्ये असतात. मेकफाइल ग्नू मेकच्या बोलीत लिहिलेली असेल तर बीएसडीचा मेक ती नाकारतो, तेव्हा जीमेक वापरावा लागतो. आणि शेवटी लिबकॅम जोडायला विसरलं तर लिंकर नावं सापडत नाहीत म्हणून तक्रार करतो. डिस्कचा आकार विचारण्याची आयऑक्टलंही वेगळी आहेत. फ्रीबीएसडीवर डिस्कची फाइल कॅरेक्टर उपकरण असते, म्हणून सेक्टरच्या पटीत नसलेलं वाचन ती मान्य करत नाही. डिस्कच्या सुरुवातीचे १०० बाइट वाचा म्हटलं तर लिनक्स देईल, फ्रीबीएसडी देणार नाही. अशा जागी ५१२ किंवा ४०९६ वाचून हवे तेवढे घ्यावे.

कंपाइल झालं की कमांडा सोप्यापासून सुरू कराव्यात. पहिली 'टेस्ट युनिट रेडी', जिच्यात डेटाच नसतो, सहाही बाइट शून्य. ती गेली आणि स्थिती परत आली, म्हणजे दार उघडलं. मग इन्क्वायरी, म्हणजे डेटा आत येतो की नाही हे कळतं. उत्तर कॅमकंट्रोलच्या इन्क्वायरीशी अक्षर न अक्षर ताडून बघावं; फ्रीबीएसडीवर ते आधीपासून असल्यामुळे आपल्याला फुकट पंच मिळतो. त्यानंतर मुद्दाम चुकीची कमांड द्यावी, म्हणजे इन्क्वायरीत अस्तित्वात नसलेलं माहितीचं पान मागावं, आणि सेन्सची किल्ली ५ येते का, पाठोपाठची चांगली कमांड सुरळीत जाते का हे तपासावं. गोठलेल्या रांगेचा दोष इथेच पकडला जातो. ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या लेखी तीच सर्वांत महत्त्वाची. लिहिणाऱ्या आणि फॉरमॅट करणाऱ्या कमांडा सगळ्यात शेवटी, आणि त्याही रिकाम्या, टाकाऊ डिस्कवरच.

क्षमता विचारणारी 'रीड कपॅसिटी' बाइटांच्या क्रमाची परीक्षा घेते. उत्तर आठ बाइटांचं: पहिल्या चारांत शेवटच्या सेक्टरचा क्रमांक, पुढच्या चारांत सेक्टरचा आकार. स्कझीमध्ये मोठा बाइट आधी येतो, तर आपल्या नेहमीच्या इंटेल-एएमडी संगणकांत लहान बाइट आधी. ००, ००, ०२, ०० हे खरं तर ५१२. उलट वाचलं तर १,३१,०७२ होतात. असं साधन सेक्टर २५६ पट मोठा दाखवतं. म्हणून उत्तरावर संरचनेचा साचा थेट बसवू नये. एकेक बाइट उचलून आकडा जुळवावा. मग स्पार्कसारख्या उलट्या क्रमाच्या संगणकावरही तेच कोड चालतं. आणखी एक गोष्ट, मिळतो तो शेवटचा क्रमांक, संख्या नव्हे. त्यात एक मिळवायचा. चारही बाइट एकांनी गच्च भरून आले तर डिस्क दोन टेराबाइटपेक्षा मोठी आहे असं समजून सोळा बाइटांची मोठी कमांड वापरायची.

आता ज्या कामासाठी हे सगळं, ते तब्येतीचं. घरगुती आणि कार्यालयातल्या बहुतेक बाहेरच्या हार्ड डिस्क आतून साटाच्या असतात आणि त्यांच्या पेटीत यूएसबीची एक दुभाषी चिप असते. साटाची कमांड स्कझीच्या पाकिटात घालून पाठवण्यासाठी हेक्स ८५ क्रमांकाची, सोळा बाइटांची एक खास कमांड आहे. तिच्या पोटात साटाची 'स्मार्ट' कमांड जाते आणि ५१२ बाइटांचं तब्येतीचं पान परत येतं. या पानावरच्या काही नोंदी नेमाने बघण्यासारख्या: क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट पाहणारे सेक्टर, १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे, आणि १९४ म्हणजे तापमान. १९७ शून्यावरून हलला की त्या दिवशी दुसरी प्रत काढावी, दुसऱ्या दिवशीची वाट पाहू नये. आणि तापमानाचं आपल्याकडे विशेष. बऱ्याच डिस्कची कामाची वरची मर्यादा ६० अंश सेल्सिअस असते. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो, नवतपात खोलीतली हवाही तापलेली असते, आणि बंद प्लास्टिकच्या पेटीत तासभर चित्रं ओतणारी डिस्क खोलीपेक्षा बरीच जास्त तापते. वीज गेली, कूलर बंद पडला आणि कॉपी चालूच राहिली तर ती मर्यादा लांब नसते. म्हणून या जिल्ह्यांत मोठी कॉपी पहाटे करावी, आणि मधूनमधून १९४ बघावा.

काही दुभाषी चिपा ही ८५ ची कमांड समजत नाहीत, काही अर्धवट समजतात. फ्रीबीएसडीवर उत्तर आलं नाही तर लगेच पोर्टला दोष देऊ नये. तीच डिस्क लिनक्सवर लावून बघावी. तिथेही नाही आलं, तर दोष चिपचा.

ट्रॅप कॅमेऱ्यातल्या एसडी कार्डाचं काय? इथे मात्र ही साधनं फार पुढे जाऊ शकत नाहीत. यूएसबी रीडरमध्ये घातलेल्या कार्डाला इन्क्वायरी केली तर उत्तर रीडर देतो, त्याचं स्वतःचं नाव सांगतो. कार्डाची ओळख आणि उत्पादनाची तारीख असलेली नोंद त्या वाटेने बाहेर येतच नाही. लॅपटॉपची खाच थेट एसडीच्या ड्रायव्हरला जोडलेली असेल तरच लिनक्स ती नोंद दाखवतं. तब्येतीचं स्मार्टसारखं सर्वमान्य पान तर साध्या एसडी कार्डांत नसतंच. कार्डावर क्रमांक लिहून ते केव्हापासून वापरात आहे याची वही ठेवणं, आणि उतरवलेल्या चित्रांची पडताळणी-बेरीज कार्डाशी जुळल्याशिवाय कार्ड कोरं न करणं, हेच उपाय उरतात.

सगळीच साधनं नेण्याचा हट्टही धरू नये. एलएसस्कझी हे साधन जोडलेल्या डिस्कांची यादी देतं, पण ते सगळं लिनक्सच्या 'सिस' नावाच्या फाइल-झाडातून वाचतं. फ्रीबीएसडीवर ते झाड नाही, आणि तीच यादी कॅमकंट्रोल एका आज्ञेत देतं. एचडीपार्म तर लिनक्सच्या जुन्या आयऑक्टलांशी इतकं विणलेलं आहे की ते सोडवण्यापेक्षा कॅमकंट्रोल शिकणं शहाणपणाचं. फ्रीबीएसडीमध्ये लिनक्सच्या एसजी_आयओची नक्कल करणारा एक ड्रायव्हरही आहे. तो लिनक्सची तयार साधनं जशीच्या तशी चालवू बघणाऱ्यांसाठी सोय आहे, पण दीर्घकाळ टिकणाऱ्या कामाला मी तो पाया मानणार नाही.

पोर्ट चालू लागला की तो आपल्याच संगणकावर ठेवून चालत नाही. फ्रीबीएसडीच्या पोर्ट्स संग्रहात प्रत्येक साधनाची छोटी निर्देशिका असते: मेकफाइल, मूळ संचिकेची पडताळणी-बेरीज, दोन-चार ओळींचं वर्णन, आणि आपण केलेले बदल वेगळ्या पॅच फाइलींत. पॅच जितके कमी तितका पोर्ट टिकाऊ, कारण मूळ साधनाची प्रत्येक नवी आवृत्ती आली की ते पुन्हा जुळवावे लागतात. म्हणून बदल मूळ लेखकाकडे पाठवून तिथेच सामावून घ्यायला सांगणं हाच सरळ रस्ता आहे. मॅन्युअलचं पानही बदलावं. त्यात डिस्कचं नाव लिनक्सचंच राहिलं, तर साधन बरोबर असूनही वापरणाऱ्याचा हात चुकतो, आणि या जातीच्या साधनांत चुकीच्या डिस्कचं नाव म्हणजे पुसलेला साठा.

गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाच्या महाविद्यालयांत, चंद्रपूर-बल्लारपूरच्या अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनांत शेवटच्या वर्षाला प्रकल्प शोधणाऱ्यांनी हे काम जरूर घ्यावं. त्यासाठी एक जुना संगणक, फ्रीबीएसडी आणि जिच्यात जपण्यासारखं काही उरलेलं नाही अशी एक हार्ड डिस्क पुरेशी आहे. आधी लिबकॅम वापरून इन्क्वायरीची ती सहा बाइटांची ओळ पाठवणारा शंभरेक ओळींचा प्रोग्रॅम लिहा, उत्तर कॅमकंट्रोलशी ताडून बघा, आणि मग एसजी-थ्री युटिल्समधली फ्रीबीएसडीची फाइल उघडून शेजारी ठेवून वाचा.